आधी झाकण, मग मीटर, मग वीज



दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं सामान खाली येतं. त्यात कधी कधी एखादा जुना घरगुती संगणक निघतो. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम भरायचा, तो. हे संगणक जमवणं, दुरुस्त करणं आणि चालते ठेवणं हा माझा छंद. आज एकच विनंती करायला आलो आहे. खाली काढलेला संगणक लगेच विजेला लावू नका. ‘चालतोय का बघू तरी’ म्हणून बटण दाबू नका. आधी झाकण उघडा.

आपल्याकडे हे संगणक दोन वाटांनी आले. 1984 मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि पहिल्या फेरीत देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो दिले. घरांत आला तो मुख्यतः स्पेक्ट्रम. मूळचा 1982 चा ब्रिटिश संगणक. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावानं भारतात विकला. 48 के मेमरीत बसवायचं म्हणून प्रोग्रॅमची एकेक ओळ घासूनपुसून लिहिणारी ती पोरं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. यंत्रं मात्र माळ्यावर तशीच पडून आहेत, आणि त्यातली बरीचशी अजून वाचतील अशी आहेत.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, तुम्हाला माहीत आहेत. पेवात हळद वर्षानुवर्षं टिकते. पण पेव उघडलं की हमाल लगेच आत उतरत नाही. तोंड मोकळं करून ठेवतात, कोंडलेली हवा जाऊ देतात. मग कंदील खाली सोडतात. तो जळत राहिला तरच माणूस उतरतो. हळद आत चांगलीच असते, घात होतो तो घाईनं. जुन्या संगणकाचंही नेमकं तसंच आहे. आतल्या आयसी बहुतेक धडधाकट असतात. बिघडलेले असतात ते दोन-चार किरकोळ भाग. घाईनं वीज सोडली की ते किरकोळ भाग चांगल्या भागांनाही घेऊन जातात. म्हणून पेवाचाच क्रम पाळा. तिथं आधी तोंड मोकळं, मग कंदील, मग माणूस. इथं आधी झाकण, मग मीटर, म्हणजे मल्टिमीटर, मग वीज.

झाकण उघडल्यावर बघायचं काय? बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळसर, पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. त्या आवरणावर बारीक भेगा पडलेल्या असतात. त्या भेगांतून वर्षानुवर्षं ओल आत गेलेली असते. वीज लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं सगळं छान चालतं आणि मग एकदम फट्‌ आवाज, घरभर उग्र धूर. घरातली मंडळी घाबरतात आणि संगणक थेट भंगारात जातो. खरं म्हणजे त्या वेळी संगणक बहुधा शाबूत असतो. गेलेला असतो तो किरकोळ किमतीचा कपॅसिटर, आणि तो आधीच बदलता आला असता. मात्र पॉवर सप्लायला स्वतः हात घालू नका. वायर काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो. तो डबा जाणत्या टीव्ही मेकॅनिककडेच द्या.

स्पेक्ट्रमची गोष्ट वेगळी. त्याचा अडॅप्टर नऊ व्होल्टचा, पण पिनेचं आतलं टोक ऋण आणि बाहेरचा भाग धन. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर बरोबर उलटे असतात. पिन बसते म्हणून तसला अडॅप्टर लावला की बोर्डाला इजा झालीच म्हणून समजा. आधी मीटर लावा म्हणतो ते एवढ्यासाठी. दुसरं, स्पेक्ट्रमचं झाकण हिसका देऊन ओढू नका. की-बोर्डापासून दोन पातळ रिबनी खाली बोर्डात गेलेल्या असतात. जुन्या झाल्या की त्या वाळक्या पानासारख्या कडक होतात आणि तुटतात. स्क्रू काढा, झाकण बोटभर उचला, रिबनी सरळ वर काढा, मग झाकण बाजूला ठेवा.

पुराच्या पाण्यात गेलेल्या संगणकांबद्दलही सांगायला हवं. 2005 ला पाणी पेवांत शिरलं, 2019 ला सांगलीत घराघरांत शिरलं. बुडालेला संगणक वाळल्यावर वरून कोरडा दिसतो. पण आयसीच्या पायांखाली बसलेला गाळ ओल धरून ठेवतो. आधी स्वच्छ पाण्यानं बोर्ड धुवा. हो, धुवा, घाबरू नका. मग सावलीत खडखडीत वाळू द्या, चांगले आठ-पंधरा दिवस. त्यानंतर मीटर. वीज सगळ्यात शेवटी. इथंही क्रम तोच.

आता कॅसेटा. यावर खरं तर वेगळं भाषण हवं. संगणकाबरोबर कॅसेटांचा डबा निघतो. त्यातली कॅसेट लावली की कर्र कर्र असा कर्कश आवाज येतो आणि लोकांना वाटतं टेप खराब झाली. मग तिच्यावर भजनं भरतात, नाहीतर फेकून देतात. श्रोतेहो, तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम! नेदरलँड्समध्ये 1980 च्या दशकात ‘हॉबीस्कूप’ नावाच्या रेडिओ कार्यक्रमातून हाच आवाज प्रसारित करायचे. लोक तो घरी टेप करून घ्यायचे आणि संगणकात भरायचे. विचार करा, मी आत्ता बोलतोय तशाच रेडिओवरून! संगणक गेला तर दुसरा मिळेल. पण तुमच्या भावानं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम जगात त्या एकाच टेपवर असतो.

पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसाच्या भागात कॅसेटच्या खिडकीतून बघा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी टेप लावू नका. चांगल्या टेपचा आवाज कम्प्युटरवर उतरवून घ्या, पण एमपी-थ्री करू नका, वेव्ह फाइल ठेवा, कारण एमपी-थ्रीमध्ये... असो, वेळ संपल्याची खूण झाली आहे.

तेव्हा जाता जाता पुन्हा तेच सांगतो. यंदा माळा आवरताना संगणक निघाला तर तो भंगारवाल्याच्या हातात देऊ नका आणि विजेलाही लावू नका. कॅसेटा वेगळ्या काढून त्यावर ज्याच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या लावा. संगणक झाकण उघडून मेकॅनिकला दाखवा. आधी झाकण, मग मीटर, मग वीज. एवढं ऐका माझं.