विधिमंडळ, दिव्यांग आणि मनोरुग्ण : कॅलिफोर्नियाचा धडा
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या चर्चासत्रातील भाषण)



दिव्यांग व मनोरुग्ण यांच्यासाठीच्या सेवांचा विधिमंडळाने अभ्यास केला की पुढे काय घडते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याकडे पाहावे. 1960 नंतरच्या दशकात तेथील विधानसभेच्या एका उपसमितीने मनोरुग्णालयांत सक्तीने पाठविल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न हाती घेतला. न्यायालयात अशा प्रकरणाची सुनावणी सरासरी पाच मिनिटांच्या आत आटोपते, असे आढळून आले. आपल्याकडे जातीच्या दाखल्याला याहून अधिक वेळ लागतो!

या अभ्यासातून 1967 साली लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट अधिनियम संमत झाला. लँटरमन रिपब्लिकन, तर इतर दोघे डेमोक्रॅट. मनाविरुद्ध ठेवून घेण्यास प्रथम 72 तास व नंतर 14 दिवस अशी मर्यादा आली. त्यापुढे ठेवण्यास कायद्याचे स्वतंत्र कारण लागू लागले.

त्याच काळात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे पालकही राज्याचे दार ठोठावीत होते. त्यांच्यासाठी 1966 मध्ये लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को येथे दोन प्रादेशिक केंद्रे प्रयोगादाखल निघाली. 1969 च्या अधिनियमाने ही व्यवस्था राज्यभर नेली. त्याचेही प्रवर्तक लँटरमनच. आज अशी 21 केंद्रे आहेत. या सेवा म्हणजे संबंधितांचा हक्क होय, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये दिला.

दोन्ही कायद्यांतील फरक येथेच आहे. दिव्यांगांना सेवेचा हक्क मिळाला आणि सेवा कोणी द्यावयाची तेही ठरले. मनोरुग्णांना स्वातंत्र्य मिळाले. पण रुग्णालयाबाहेर उपचार देण्याची तेवढी बांधीलकी कोणावर आली नाही. रुग्णालये रिकामी होत गेली, त्या प्रमाणात गावोगावच्या सेवा उभ्या राहिल्या नाहीत. अनेकजण रस्त्यावर वा तुरुंगात पोहोचले. त्यास कायद्याइतकीच निधीची चणचण कारणीभूत होती. अखेर 2004 मध्ये मतदारांनीच दहा लाख डॉलरांवरील वैयक्तिक उत्पन्नावर एक टक्का जादा कर मानसिक आरोग्यसेवांसाठी मंजूर केला.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा असे दोन्ही हक्क दिले आहेत. कॅलिफोर्नियाने जे एकत्र केले नाही, ते आपल्या कायद्यात एकत्र आहे. परंतु येरवडा, ठाणे, नागपूर वा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून बरा होऊन परतलेल्या माणसास पुढील महिन्याची औषधे तालुक्याच्या गावी मिळतात काय, हे कलम वाचून कळत नाही. त्याच्या घरी जाऊन विचारावे लागते.

पंचायत सदस्यांना आणखी एक सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील 21 प्रकारांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के दिव्यांग निधीसाठी लाभार्थींची यादी कराल, तेव्हा कुबडी किंवा चाकाची खुर्ची यांवर थांबू नका. दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे कामधंदा सुटलेला गावातील मनुष्य प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचला की नाही, याची चौकशी यादी ग्रामसभेपुढे ठेवण्याआधी करावी.