सोबतीचा आधार
कर्करोगाचं निदान झालं की घर हादरतं. अभिनेते शरद पोंक्षे यांनी केमोथेरपी सोसली आणि २०१९ मध्ये ते ‘हिमालयाची सावली’ नाटकातून पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. उमेद हवीच, पण उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. रुग्णाला सारखं ‘हसत राहा’ म्हणू नका, रडूही द्या. पारोळ्याच्या मित्रांनो, रुग्णाची फाईल सांभाळा, मुंबईला टाटा रुग्णालयात सोबत जा. केमोनं तोंड आलं की कळण्याची भाकरी गिळवत नाही. डब्यात मऊ खिचडी न्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण-नातेवाइकांची राहण्याची सोय होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचारही आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला जरूर भेटा.