चालण्याची मोकळीक
(वार्षिक सभेत शल्यचिकित्सा विभागाच्या वतीने केलेले भाषण)



गेल्या सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांस विचारले होते, "मांडीची सैल कातडी काढणे हे तर सौंदर्याचे काम. धर्मादाय पैशातून ते कशासाठी?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अतिस्थूल व्यक्तीचे वजन शस्त्रक्रियेने अथवा पथ्याने 40-50 किलोंनी उतरते, तेव्हा मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी बहुधा आटोक्यात येतात. परंतु वर्षानुवर्षे ताणलेली कातडी पूर्ववत होत नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतात. तुटलेले लवचीक तंतू जुळत नाहीत. मांडीच्या आतल्या बाजूस कातडीच्या घड्या लोंबतात, चालताना एकमेकींवर घासतात, घामाने ओलसर राहतात. मग काच, जखमा, बुरशीचा संसर्ग आणि दुर्गंधी यांचे चक्र सुरू होते.

आमच्याकडे आलेल्या एक भगिनी घरोघरी स्वयंपाकाची कामे करीत. वजन उतरल्यावर "रोज चालत जा" असे आम्हीच त्यांना सांगितले होते. त्या चालत नव्हत्या. मांड्यांना सुती फडकी गुंडाळून त्या कशाबशा कामाला जात आणि संकोचाने कोणाला काही सांगत नसत. त्यांना चालता का येत नाही, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. ते एका परिचारिकेने विचारले. तेव्हापासून प्रत्येक तपासणीत आम्ही हा प्रश्न विचारतो.

मांडीची ही शस्त्रक्रिया 1957 साली लुईस यांनी वर्णिली. प्रारंभीच्या पद्धतीत व्रण खाली सरकत असत. 1988 साली लॉकवूड यांनी कातडीचा भार जांघेतील बळकट पटलावर टाकण्याची पद्धत मांडली आणि परिणाम अधिक टिकाऊ झाले. आज घड्यांच्या प्रमाणानुसार जांघेच्या रेषेत, किंवा मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्याच्या दिशेने छेद घेऊन जादा कातडी काढली जाते. हे करताना लसिकावाहिन्या व मोठी शीर जपावी लागते. अन्यथा पायाला सूज राहू शकते.

ही शस्त्रक्रिया सर्वांसाठी नाही. वजन किमान सहा महिने स्थिर असावे लागते, रक्तातील लोह व प्रथिने पुरेशी असावी लागतात, तंबाखू व धूम्रपान बंद करावे लागते. औषधाने, स्वच्छतेने व योग्य कपड्यांनी भागत असेल तर शस्त्रक्रिया आम्ही सुचवीत नाही. व्रण कायमचे राहतात, हेही आधीच सांगतो. जांघेतील टाके उसवणे, पाणी साठणे, जंतुसंसर्ग होणे हे प्रकार या शस्त्रक्रियेत विरळा नाहीत. क्वचित शिरेत रक्ताची गुठळीही होते. म्हणून रुग्णास लवकरात लवकर उठवून चालविले जाते.

उपरोक्त भगिनींचीही जखम जांघेपाशी थोडी उसवली. तीन आठवडे रोज मलमपट्टी करावी लागली. रोजंदारी बुडाली, मुलीला शाळेतून रजा घ्यावी लागली. शस्त्रक्रियेचा खर्च आपल्या देणगीतून झाला होता. परंतु पट्ट्या, दाब देणारे कपडे आणि येण्याजाण्याचे भाडे यांचा विचार आम्ही केला नव्हता. गरीब रुग्णाचे उपचार शस्त्रक्रियागृहाच्या दारात संपत नाहीत, हे आम्ही त्या वेळी शिकलो.

आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. वैद्यकीय निकड सिद्ध केल्यास काही वेळा मान्यता मिळते. परंतु कागदपत्रांची ती वाट ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांच्या उपयोगाची नाही. अशांसाठी आपली देणगी आहे.

तेव्हा त्या ज्येष्ठ देणगीदारांस आमचे नम्र उत्तर असे: केवळ रूपासाठी कोणी आले, तर धर्मादाय निधीस आम्ही हात लावणार नाही. मात्र ज्या घड्यांमुळे माणसाचे चालणे, कमावणे आणि चारचौघांत बसणे थांबते, त्या काढणे हा उपचारच आहे. यापुढे अशा प्रत्येक रुग्णामागे शस्त्रक्रियेनंतरच्या सहा आठवड्यांच्या शुश्रूषेचीही तरतूद व्हावी, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे.

त्या भगिनी आता फडकी न गुंडाळता पायी कामाला जातात. या श्रेयात आपण सर्व वाटेकरी आहात. आपला लोभ असाच राहावा, ही विनंती.