गाडी पन्नास लाखांची, पण प्लग कुठे लावायचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

गेली पंचवीस वर्षं एकाच टाकीचं पाणी पिणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो,

मला खरं तर ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’ असा विषय दिला होता. पण गेले आठ महिने मी एकाच गोष्टीचं नियोजन करतोय, आणि ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बी विंगसमोर उभी राहिलेली ती पांढरी, आवाज न करणारी गाडी तुम्ही पाहिलीत. ‘काका, घेतली का?’ असं लिफ्टमध्ये मला निदान तीसेक जणांनी विचारलं असेल. म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर सांगून टाकू. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे. ती ओघात येईलच.

माझी डिझेलची गाडी आता बारा वर्षांची झाली. मुलगा परदेशातून फोनवर म्हणतो, ‘बाबा, आयुष्यभर काटकसर केलीत, आता एक चांगली गाडी घ्या, आणि घ्यायचीच तर इलेक्ट्रिक घ्या.’ चांगली म्हणजे कुठली, तर पन्नास लाखांच्या घरातली. उदाहरण द्यायचं तर बीएमडब्ल्यूची आयएक्स१ जानेवारी २०२५मध्ये ४९ लाखांना आली. एका चार्जमध्ये ५३१ किलोमीटर जाते असं कंपनी म्हणते. बॅटरी ६६ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ६६ युनिटांची. मला ही युनिटची भाषा फार सोयीची वाटली. टाकीत किती लिटर हे विचारतो, तसं पोटात किती युनिट हे विचारायचं.

मी हाडाचा हिशेबनीस, त्यामुळे आधी कागद-पेन घेतलं. वर्षाला माझी गाडी फार तर ९,००० किलोमीटर चालते. त्या तोडीची डिझेल एसयूव्ही लिटरला १३ किलोमीटर देईल असं धरलं, तर जवळपास ६९० लिटर, म्हणजे साधारण ६२ हजार रुपये. इलेक्ट्रिक गाडी युनिटला पाच किलोमीटर जाते, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून २,००० युनिट धरले. १२ रुपये दराने २४ हजार झाले. म्हणजे वर्षाला ३८ हजारांची बचत. सौ. शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘पन्नास लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर साडेतीन लाख येतात. तुम्ही अडतीस हजार वाचवायला निघालात?’ मी कागद घडी करून ठेवला.

तेव्हा डिझेलचे पैसे वाचवायला महागडी इलेक्ट्रिक गाडी घेतो असं कुणी सांगितलं, तर समजा की त्याने हिशेब केलेला नाही. रोज ऐंशी-शंभर किलोमीटर फिरणाऱ्याची गोष्ट वेगळी. खरा फायदा आहे तो करात. मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ४० टक्के आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. बॅटरी महाग असल्याने हा फरक किमतीत बराचसा जिरून जातो, पण रोड टॅक्सचा फरक मात्र सरळ खिशात राहतो. पन्नास लाखांच्या डिझेल गाडीवर आपल्याकडे १५ टक्क्यांनी साडेसात लाख भरावे लागतात, इलेक्ट्रिकवर राज्याच्या २०२५च्या धोरणाप्रमाणे माफी. एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलही नाही. (माझी वाट साताऱ्याची, त्यामुळे या आनंदात मी दुरून सहभागी आहे.) मात्र लक्षात ठेवा, २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता आणि मग तो मागे घेतला. सवलत ही अशी, आज आहे तोवर आहे.

आता सुख किती, तेही सांगतो. माझ्या आतेभावाने याच वर्गातली एक गाडी घेतली आहे. मे महिन्यात आम्ही दोघं आणि सौ. गुहागरकडे आमच्या गावी गेलो. गाडी इतकी शांत की खंबाटकी चढताना मागे बसलेली सौ. झोपली. तिच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, ती गाडीत कधी झोपत नाही. पण उंब्रजच्या अलीकडे उठून म्हणाली, ‘गुडघे दुखायला लागले.’ कारण बघा, बॅटरी खाली असल्यामुळे मागची फरशी वर येते आणि बसणाऱ्याचे गुडघे उंच राहतात, पाटावर बसल्यासारखे. चाकं मोठी, टायर पातळ, त्यामुळे पाटण-कोयनेच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिने मोजला. शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर यातलं काहीच कळत नाही. ज्येष्ठ माणसासाठी गाडी घेत असाल तर त्या माणसाला मागच्या सीटवर निदान दोन तास बसवा. पुढे बसून टचस्क्रीन बघू नका.

पुण्याहून निघताना १०० टक्के होते. उंब्रजला ५८. कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर ३७. आणि उतरताना गंमत! ब्रेकऐवजी मोटरच गाडीला आवरते आणि त्यातून वीज परत बॅटरीत भरते. चिपळूणला आकडा ३९ झाला होता. बारा वर्षं मी त्या घाटात ब्रेक झिजवले, तिथे ही बया उतरता उतरता कमावते! मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवल्या. चिपळूणला चार्जर होता, पण आतेभाऊ म्हणाला, ‘घरी लावू की रात्री.’

घरी पोचलो तेव्हा २५ टक्के. विहिरीच्या पंपाचा पंधरा अँपिअरचा पॉइंट होता, त्यात चार्जर लावला. लाल दिवा. परत लावला, लाल दिवा. गाडी वीज घेईना. आमच्या घरात १९७०च्या दशकात वीज आली. पंप चालतो, फ्रिज चालतो, कुणी कधी विचारलं नाही की अर्थिंग आहे का. या गाडीचा चार्जर पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि उत्तर ‘नाही’ आलं की बंद.

माझी आई ८४ वर्षांची, तिथे राहते. दोन वर्षांपूर्वी रात्री अडीच वाजता तिला चिपळूणला न्यावं लागलं होतं. त्या रात्री पडवीत पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच हिशेब. २५ टक्क्यांत चिपळूण गाठू, पण तिथून पुढे रत्नागिरीला न्या म्हणाले तर? डिझेलची गाडी असती तर हा विचारही शिवला नसता. खळ्यात पन्नास लाखांची गाडी उभी आणि मी मनातल्या मनात शेजारच्या वाडीतल्या जीपवाल्याचा नंबर आठवतोय!

सकाळी गावचा वायरमन आला. खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाणी. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. दुपारी चार्जर लावला, हिरवा दिवा. तासाला तीन युनिट, म्हणजे रात्रभरात ४० टक्के भरले. हळू आहे, पण गावी आपल्यालाही कुठे घाई असते. आईने विचारलं, ‘एवढ्या मोठ्या गाडीला मीठ लागतं होय?’

आणि आता ती कबुली.

गावाहून परतलो त्या रात्री आतेभाऊ माझ्याकडे राहिला. गाडीत वीस टक्के उरलेले, दुसऱ्या दिवशी त्याला नाशिकला जायचं. मी म्हटलं, पंपरूमच्या बाहेर पंधराचा पॉइंट आहे, लाव. वॉचमनला सांगितलं, रात्रभर राहू दे. कमिटीला विचारलं नाही. पहाटे पाचला मोटर आपोआप सुरू झाली, त्याच फेजवर आमचा चार्जर, आणि मेन ट्रिप झाला. सहा वाजता वरच्या मजल्यांवर पाणी नाही. सी विंगमध्ये त्या दिवशी साखरपुडा होता. सगळ्यांनी बिल्डरच्या वायरिंगला नावं ठेवली, इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याचे आठशे रुपये सोसायटीने दिले. ते वायरिंग नव्हतं. तो मी होतो. आठशे रुपये मी परवा ऑफिसात भरले आहेत, पावती माझ्याकडे आहे. सी विंगच्या वहिनी समोर बसल्या आहेत, त्यांची मी सर्वांसमक्ष माफी मागतो.

नंतर जनरल बॉडीत मी चार्जिंग पॉइंटचा अर्ज दिला तेव्हा एक जुने स्नेही उभे राहून म्हणाले, ‘तुमच्या श्रीमंतीचा भार आमच्या मेन्टेनन्सवर का?’ मला राग आला होता. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. पण पंपरूमची ती पहाट आठवली की वाटतं, त्यांचा प्रश्न बरोबर होता. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या घरच्या वीजजोडणीवर आपली गाडी चार्ज करता येते. करता येते, कबूल. पण माझं घर चौथ्या मजल्यावर, गाडी खाली स्टिल्टमध्ये, आणि मधली सगळी भिंत, डक्ट, मीटररूम तुमच्या सर्वांची.

आपली पाण्याची मोटर ५ एचपीची आहे, म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॉट. घरी बसवायचा सात किलोवॉटचा एक चार्जर म्हणजे तशा दोन मोटरी, आणि त्या चालणार रात्रभर. आपल्या ४८ फ्लॅटांत उद्या पाच जणांनी गाड्या घेतल्या आणि पाचही जणांनी संध्याकाळी आठला लावल्या, तर ३५ किलोवॉट झाले. त्याच वेळी लिफ्ट चालू, एसी चालू. २००० साली बिल्डरने लोड घेतला तेव्हा निम्म्या घरांत एसीसुद्धा नव्हता. म्हणून माझं मत असं की घरच्या मीटरवरून वायर सोडणं हा उपाय नाही. त्यात आणखी एक मेख आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. तीनशे युनिट ओलांडले की पुढचे महाग, पाचशे ओलांडले की आणखी महाग. गाडीचे महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युनिट सगळे त्या महाग टप्प्यात पडतात. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळा मीटर मिळतो. तो घ्यावा, त्याची केबल, त्याचा ब्रेकर, त्याचं अर्थिंग ज्याची गाडी त्याने करावं, आणि चार्जिंग रात्री अकरानंतर. एक्स्टेंशन बोर्ड लावून खिडकीतून वायर सोडायची नाही म्हणजे नाही.

आगीचंही बोलतो, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला थेट विचारलं. अशा आगी क्वचित लागतात, पण लागली तर बॅटरीची आग विझवायला फार पाणी लागतं आणि विझल्यावरही ती पुन्हा पेटू शकते. तेव्हा त्यांची भीती खोटी नाही. पण काकू, आपल्या स्टिल्टमध्ये गाड्यांपेक्षा जुन्या गाद्या, मोडकी कपाटं आणि रद्दी जास्त आहे. ती आधी हलवू या. त्यातलं एक कपाट माझंच आहे.

रीडेव्हलपमेंटचं बोलणं सुरू आहे, त्याबद्दल एवढंच. नव्या इमारतीत एकावर एक गाड्या ठेवणारं यांत्रिक पार्किंग देणार असतील तर प्लॅटफॉर्म किती वजन पेलतो ते आधी विचारा. दादरला माझ्या बहिणीच्या इमारतीत पाटीवर २,००० किलो लिहिलं आहे. या वर्गातल्या इलेक्ट्रिक गाड्या दोन टनांच्या आसपास असतात, मोठ्या तर अडीच टनांपर्यंत जातात. बिल्डरने ‘ईव्ही रेडी’ म्हटलं की आपण माना डोलावतो.

मग घेणार की नाही? सौ. म्हणते नको, मुलगा म्हणतो घ्या. माझा कल आता तिसरीकडेच आहे. महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत फार पडते, पण बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. तीन वर्षं वापरलेली, एका हाताची गाडी मिळाली तर पडलेली किंमत पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि हमी पाच वर्षांची उरते. बॅटरी किती शाबूत आहे याचा लेखी अहवाल घ्यायचा आणि मागच्या सीटवर सौ.ला दोन तास बसवायचं. तिचे गुडघे पास झाले तर पुढे.

पण त्याच्याही आधी वेगळ्या मीटरचा अर्ज आहे. तो सेक्रेटरीसाहेबांच्या फायलीत तीन आठवडे पडून आहे. केबल कुठून न्यायची त्याचा नकाशा सोबत जोडला आहे. ती आमच्या त्या जुन्या स्नेह्यांच्या खिडकीखालून जाते. काल संध्याकाळी मी तो नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला, चष्मा लावून नकाशा नीट पाहिला आणि पेन्सिलने केबल एक फूट डावीकडे सरकवली.