मधलं फूल कोणाचं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या क्रीडा बक्षीस समारंभातील भाषण)



‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ असं आपण छाती फुगवून म्हणतो. बॅडमिंटनच्या बाबतीत तसं म्हणायची वेळ अजून यायची आहे. पण आपल्या ए आणि बी विंगच्या मधल्या मोकळ्या जागेत चुन्याने आखलेलं कोर्ट पंचवीस वर्षं टिकलं, ही गोष्टही लहान नाही. वारा सुटला की फूल कुणाच्या तरी गॅलरीत जातं, मे महिन्यात दिवस मावळला तरी जमीन तापलेली असते, तरी लेकरं खेळतात. त्यांचं आधी कौतुक करतो.

कार्यकारिणीने मला ‘खेळ आणि व्यक्तिमत्त्व विकास’ असा विषय दिला होता. सचिव साहेब रागावणार नसतील तर तो बाजूला ठेवतो. माझ्याकडे तीन आठवड्यांपासून एका प्रश्नाचं उत्तर उधार आहे, ते आज चुकतं करायचं आहे.

आपल्या सोसायटीच्या दोन मुली यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत दुहेरी खेळल्या, हे तुम्हाला माहीत आहेच. तिसऱ्या गेममध्ये १९-१९ झाले. समोरून जोरात मारलेलं फूल दोघींच्या बरोबर मधे आलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि फूल खाली पडलं. पुढचा गुण गेला, सामनाही गेला. बाहेर आल्यावर एक म्हणाली, “तुझं होतं.” दुसरी म्हणाली, “तुझंच होतं.” मग दोघींचे वडील माझ्याकडे आले, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. प्रश्न एकच. “सर, तुम्हीच सांगा, चूक कोणाची?” आणि मी उत्तर द्यायच्या आत दोन्ही घरांत ठरलंसुद्धा, की पुढच्या वर्षीपासून पोरी एकेरी खेळतील. म्हणजे जोडी मोडली. हे सगळं इथे बोलायची परवानगी मी दोन्ही घरांतून घेतली आहे, तेव्हा कुणी गैरसमज करून घेऊ नये.

उत्तराच्या आधी एका जोडीची गोष्ट सांगतो. मुलांनो, तुम्ही ती मोबाईलवर पाहिली असेल, पण ती जिंकते तेवढीच पाहिली असेल.

चिराग शेट्टी हा मुंबईचा मुलगा, जन्म ४ जुलै १९९७. गोरेगावात खेळायला लागला, पुढे उदय पवार सरांच्या अकादमीत शिकला आणि मग हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी हा आंध्रातल्या अमलापुरमचा, चिरागपेक्षा तीन वर्षांनी लहान. आपली देवगिरी एक्स्प्रेस मुंबईहून सिकंदराबादकडे जाते, ती परभणीवरूनच. तेव्हा हे दोन टोकांचे प्रांत आपल्याला नवे नाहीत. पण त्या दोघांना एकमेकांची भाषाही धड येत नव्हती. सात्त्विकची तेलुगू, त्याचं हिंदी कच्चं. चिराग बोलायचा हिंदी आणि इंग्रजी.

त्यात दुसरी अडचण. दोघेही उंच, दोघेही मागून जोरात मारणारे. दुहेरीत हल्ला करताना एक जण मागे राहून स्मॅश मारतो आणि दुसरा नेटजवळ उभा राहून समोरचं परतलेलं फूल टिपतो. इथे तर दोघांनाही मागेच राहायचं होतं! मलेशियाचे प्रशिक्षक टान किम हर यांनी तरीही यांची जोडी लावली. हळूहळू चिराग पुढे यायला शिकला. जी जागा त्याची नव्हती ती त्याने आपली केली. सात्त्विकचा स्मॅश ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या स्मॅशनंतर कसंबसं वर आलेलं फूल पुढे उभं राहून कोण मारतं, हे किती जणांना ठाऊक आहे? प्रत्येक जोडीत असं एक काम असतं, ज्याचा आकडा कुठे नोंदला जात नाही.

२०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना पुरुष दुहेरीचं रौप्य मिळालं. तेव्हा चिराग वीस वर्षांचा आणि सात्त्विक सतरा. २०१९ मध्ये थायलंड ओपन जिंकली. मग आलं टोकियो ऑलिंपिक. हा प्रसंग पालकांनी नीट ऐकावा. गटात तीन सामने होते. त्यातले दोन त्यांनी जिंकले. त्यातही तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना हरवलं, शेवटचा गेम २७-२५. पण गटातल्या तीन जोड्यांचे विजय सारखेच झाले, गेमचा हिशेब लावला गेला आणि आपली जोडी बाहेर पडली. ज्यांना यांनी हरवलं होतं, त्याच ली आणि वांग यांनी पुढे सुवर्णपदक घेतलं.

आता विचार करा, हे आपल्या घरात झालं असतं तर? आपण म्हणालो असतो, “त्याच्यामुळे गेलं. जोडीदार बदल.” त्यांनी जोडीदार बदलला नाही.

पुढच्याच वर्षी, १५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये थॉमस कपची अंतिम लढत इंडोनेशियाशी झाली. भारत याआधी कधीच अंतिम फेरीत गेलेला नव्हता. लक्ष्य सेनने पहिला सामना जिंकला. दुसरा यांचा. समोर मोहम्मद अहसान आणि केविन संजय सुकामुल्जो, दुहेरीतले दिग्गज. पहिला गेम गेला १८-२१. दुसरा २३-२१. तिसरा २१-१९. हातातून निसटलेला सामना त्यांनी ओढून आणला. मग श्रीकांतने तिसरा जिंकला आणि कप भारतात आला.

त्यानंतर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि जागतिक स्पर्धेत कांस्य. २०२३ मध्ये दुबईत आशियाई विजेतेपद. मग हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ ला सुवर्ण. बॅडमिंटनमध्ये भारताला आशियाई स्पर्धेत मिळालेलं हे पहिलंच सुवर्ण. १९८२ साली दिल्लीत लिरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांनी याच प्रकारात कांस्य मिळवलं होतं. तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या कांस्याचं सोनं व्हायला ४१ वर्षं लागली. नंतर तीनच दिवसांनी ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर गेली. भारताची कोणतीही दुहेरीची जोडी तिथे कधी पोचली नव्हती.

आणि हे केवळ मुलांचं काम आहे असं मुलींनी समजू नये. आपल्या शेजारच्या विदर्भात, वर्ध्याला जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा यांनी २०११ मध्येच जागतिक स्पर्धेचं कांस्य आणलं होतं. दुहेरीतलं ते भारताचं पहिलं जागतिक पदक.

गोष्ट इथे संपवली तर ती सत्काराची गोष्ट होईल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सगळ्या देशाने यांचं पदक धरून ठेवलं होतं. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाचे आरोन चिया आणि सोह वुई यिक समोर. पहिला गेम २१-१३ ने घेतला आणि पुढचे दोन्ही गमावले, १४-२१ आणि १६-२१. पदक नाही. त्यानंतर काही महिन्यांत सात्त्विकचे वडील गेले. एवढं झाल्यावर एखादी जोडी मोडली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा पॅरिसमध्ये, त्याच हॉलमध्ये झाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर पुन्हा तेच चिया आणि सोह. या वेळी आपल्या जोडीने त्यांना सरळ दोन गेममध्ये हरवलं आणि कांस्यपदक घेतलं. मी ते मध्यरात्रीपर्यंत जागून पाहत होतो. हिला वाटलं, मला बरं नाही.

आता आपल्या पोरींचा प्रश्न.

एकेरीचं कोर्ट १७ फूट रुंद, दुहेरीचं २० फूट. रुंदी तीनच फूट वाढते आणि माणसं मात्र दुप्पट होतात. मग सोपं व्हायला हवं ना? होत नाही. कारण दोघांच्या मधे एक पट्टा तयार होतो, जो कुणाचाच नसतो. चांगले खेळाडू मुद्दाम तिथेच मारतात. त्याचा एक ठोकताळा आहे. दोघेही उजवे असतील तर डावीकडच्याचा फोरहँड मधे येतो, म्हणून बहुधा त्याने घ्यायचं. पण ठोकताळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ओरडायचं. “माझं!” असं मोठ्याने. फूल पडायच्या आत म्हणतात ते ‘माझं’. फूल पडल्यावर म्हणतात ते ‘तुझं होतं’. सगळी दुहेरी या दोन शब्दांत आहे.

मी स्वतः हे वेळेवर शिकलो नाही. नोकरीत असताना कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेत मी आणि माझा एक मित्र असेच हरलो. चारचौघांत मी त्याला म्हणालो, “तुझ्यामुळे गेलं.” तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी मी दुसरा जोडीदार घेतला आणि पहिल्याच फेरीत घरी आलो. तो मित्र आता नांदेडला असतो. भेटलो की चहा होतो, घरच्यांची चौकशी होते. रॅकेटचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

आणि ही गोष्ट फक्त कोर्टावरची आहे का? मागच्या उन्हाळ्यातली रात्र आठवा. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते मी सांगायला नको. त्या रात्री बी विंगची टाकी भरून वाहत होती. पाणी पडल्याचा आवाज मी ऐकला, तुम्हीही ऐकला. प्रत्येकाला वाटलं, कुणीतरी मोटार बंद करेल. सकाळी अंगणात चिखल आणि ग्रुपवर चाळीस मेसेज, सगळे ‘तुझं होतं’ याच अर्थाचे. मोटारीचं बटण माझ्या दारापासून वीस पावलांवर आहे. मी उठलो नव्हतो.

तर उत्तर. चूक त्या दोघींपैकी कुणाचीच नाही. चूक माझी. मी त्यांना सर्व्हिस शिकवली, ड्रॉप शिकवला, स्मॅश शिकवला. ओरडायला शिकवलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलींना आपण घरीदारी ‘हळू बोल’ म्हणत वाढवतो आणि १९-१९ वर त्यांनी ओरडावं अशी अपेक्षा करतो.

दोघींच्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. एकेरी खेळायची असेल तर जरूर खेळू द्या, त्यात कमीपणा नाही. पण एका पडलेल्या फुलापायी जोडी मोडू नका. आणि ठरवायचंच असेल तर ते त्या दोघींना ठरवू द्या. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, वारा सुटायच्या आत, मी कोर्टावर असेन. पोरींनी यावं. दोघींच्या वडिलांनीही यावं, रॅकेट घेऊन. त्यांना मी समोरासमोर उभं करणार नाही. नेटच्या एकाच बाजूला उभं करणार आहे, आणि पहिलं फूल मधेच टाकणार आहे.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.