अफवेची वाट आणि पाड्यावरच्या बाया



चारोटी हे काही संमेलनांचं गाव नव्हे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाड्या इथे थांबतात त्या टोलसाठी, फार तर चहासाठी. एका अंगाला डहाणू, दुसऱ्या अंगाला कासा आणि पुढे जव्हारचा घाट. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरली की पंधरवडाभर पाय ठेवायला जागा नसते, एरवी बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकू येतं ते अपघाताच्या बातमीत. अशा ठिकाणी ‘स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा’ हा विषय अध्यक्षीय भाषणाला घेतला म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या आहेत. हा विषय न्यूयॉर्कचा, जिनिव्हाचा. फार तर काश्मीर-मणिपूरचा. इथे कुठे युद्ध चाललंय?

युद्ध नाही. पण या टापूत दोन घटना अशा घडून गेल्या आहेत की सुरक्षेचा विचार करणाऱ्या कुणालाही त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतील. दोन्हींमध्ये पंचाहत्तर वर्षांचं अंतर आहे. दोन्ही अफवेतून पेटल्या, आणि दोन्हींच्या मधोमध एक बाई आहे.

पहिली १० ऑक्टोबर १९४५ची, तलवाड्याची. त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली होती. वेठबिगार करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचं नाही, हे तिथे ठरलं. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढून त्या बदल्यात जन्मभर त्याच्याकडे राबणारा माणूस. आणि गडी राबायचा तशी त्याची बायकोही राबायची, तिच्या अंगावरही मालक हक्क सांगायचा. पावसाळा सरला तसा गवतकापणीचा संप सुरू झाला. पाचशे रतल गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. या सगळ्याच्या पुढे होत्या गोदावरी परुळेकर. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-सदस्य. त्या पायी पाडे फिरल्या, वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, त्यांच्या ताटात जेवल्या. लोक त्यांना गोदाराणी म्हणत.

त्या ऑक्टोबरमध्ये निरोप फिरला की तलवाड्याला सभा आहे, बाईंच्या जिवाला धोका आहे, हाताला लागेल ते घेऊन या. निरोप खोटा होता. तो जमीनदारांच्या माणसांनी पसरवला आणि तिकडे पोलिसांना हत्यारबंद जमाव येतोय असं कळवलं, असं चळवळीचा इतिहास सांगतो. हजारो माणसं जमली. बाई तिथे नव्हत्याच. गोळीबार झाला, लाल बावटा हातात घेतलेला जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. पुढे सरकारने परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केलं. कायदा-सुव्यवस्थेच्या नावाखाली झालेली ही कारवाई बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्या बाईच्या एका शब्दावर तो जमाव घरी परतला असता, तिलाच जिल्ह्याबाहेर काढलं. तिच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आपण ते अभ्यासक्रमांतून वाचलं, लेखिका म्हणून बाईंचा गौरव केला. शांतता राखू शकणारी व्यक्ती म्हणून त्यांच्याकडे पाहायचं मात्र राहून गेलं.

दुसरी घटना १६ एप्रिल २०२०ची. गडचिंचले, कासा पोलीस ठाण्याची हद्द. टाळेबंदीचे दिवस. मुलं पळवणारे, किडन्या काढणारे रात्री फिरतायत अशी अफवा व्हॉट्सॲपवर आणि तोंडोतोंडी काही दिवसांपासून पसरत होती. गावागावांत पहारे बसले होते. दोनच दिवस आधी याच भागात एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झालेला. त्या रात्री मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक वनखात्याच्या नाक्यावर अडवले गेले आणि जमावाने तिघांनाही पोलिसांदेखत मारून टाकलं. ती चित्रफीत देशभर फिरली. शंभराहून जास्त जणांना अटक झाली, पुढे काही पोलीस बडतर्फ झाले. घटनेनंतर लगेच दुसरी अफवा उठली, हा धार्मिक द्वेषाचा प्रकार असल्याची. अटक झालेल्यांची यादीच जाहीर करून तत्कालीन गृहमंत्र्यांना ती खोडावी लागली.

त्या चित्रफितीत जे ठळकपणे आलं नाही ते असं की गावच्या सरपंच एक बाई होत्या. खबर मिळताच त्या नाक्यावर गेल्या आणि लोकांना समजावत राहिल्या. त्यांनी हे तेव्हाच पत्रकारांना सांगितलं होतं. जमावाने ऐकलं नाही. त्यांच्या हाताशी काय होतं? सरपंचपदाचा शिक्का, एक मोबाइल आणि ओळखीचे चेहरे. ज्या अफवेने कितीतरी रात्री गावं जागी ठेवली होती तिचा सामना एका बाईने एका रात्री, आयत्या वेळी करावा, अशी ही रचना. मग अटकेच्या धास्तीने पुरुष रानात पांगले आणि पाड्यांवर बाया, पोरं आणि म्हातारी उरली. रेशन, गुरंढोरं, पोलिसांचे प्रश्न, सगळं त्यांच्यावर आलं. निस्तरायला बायका लागतात. बिघडण्याआधी त्यांना कुणी विचारत नाही.

त्याच आठवड्यांत आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका घरोघर फिरत होत्या. त्यांच्या वहीत ताप-खोकल्याचा रकाना होता, अफवेचा नव्हता. पाड्यावर रात्री कोण पहाऱ्याला बसतं, कुणाच्या फोनवर काय आलंय, कुठल्या घरात भीतीने पोरांना बाहेर सोडत नाहीत, हे पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी त्यांना कळलेलं असतं. ही माहिती ठाण्यापर्यंत जायला अधिकृत वाट नाही, आणि आपल्या गावाची खबर पोलिसांना देणारी अशी बदनामी कुणाला हवी असते?

इथे एक आक्षेप येणारच, तो आधीच घेतलेला बरा. बायका जात्याच शांत असतात, हे भाबडं बोलणं आहे. १९९२-९३च्या मुंबईच्या दंगलींत बायकाही जमावात होत्या. अफवा पाणवठ्यावरही पिकते. बायकांना बैठकीत बसवायचं ते त्या देवमाणसं आहेत म्हणून नव्हे. गाव पेटलं की त्याची झळ त्यांना लागते आणि पेटण्याची चाहूल त्यांना आधी लागते, म्हणून.

अफवेचा या भागातला सगळ्यात जुना बळी तर बाईच आहे. पाड्यावर पोर दगावलं, गाय मेली, की भगताकडे जायचं आणि त्याने कुणाकडे तरी बोट दाखवायचं: ती भुताळी. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खूनही. अशी बाई बहुतेकदा एकटी, विधवा किंवा नावावर जमिनीचा तुकडा असलेली असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने केला. चांगलं झालं. पण कायदा कामाला येतो तो गुन्हा नोंदल्यावर. आणि कुजबुज सुरू झाल्यापासून दारावर दगड पडेपर्यंत मध्ये बरेच दिवस जातात. त्या दिवसांत शेजारणीला सगळं माहीत असतं.

वारली समाजाकडे बाहेरून पाहणाऱ्याला एक गोष्ट चकित करते. लग्न लावते ती धवलेरी. ही बाई गाणी म्हणत विधी पार पाडते. ती नसेल तर लग्न लागत नाही. भिंतीवरचा लग्नचौक सवासिणी काढतात. दोन घरं जोडायचा अधिकार परंपरेने बाईच्या हाती दिला. पण तीच दोन घरं भांडली की निवाड्याला पंच बसतात पुरुष, आणि धवलेरी मागे उभी. चित्राचंही तसंच झालं. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या भागात आले, चौकातलं चित्र कागदावर उतरलं, आणि जगाला नाव कळलं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं. मशे थोर कलावंतच होते, त्यांचं श्रेय कुणी काढून घेत नाही. तरी साहित्यिकांच्या सभेत हे बोलायला हवं की चित्राला बाजार मिळाला तेव्हा ते काढणाऱ्या हातांची पहिली पिढी बिननावाची राहिली.

बायकांना निवाड्यात घेण्याबाबत जग फार पुढे आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला: संघर्ष टाळण्यात, मिटवण्यात आणि नंतरच्या उभारणीत स्त्रियांचा सहभाग हवा. ठराव एकमताने झाला. आणि १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता-वाटाघाटी पाहिल्या तर मध्यस्थांत स्त्रिया ६ टक्के, वाटाघाटी करणाऱ्यांत १३ टक्के. ठराव करणं सोपं असतं, ग्रामसभेलाही आणि सुरक्षा परिषदेलाही.

लायबेरियाचं उदाहरण मात्र इथल्या बायांना चटकन कळेल. २००३ मध्ये तिथे यादवी चालू असताना मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात बायका पांढरे कपडे घालून रोज येऊन बसू लागल्या. ख्रिस्ती होत्या, मुसलमान होत्या. त्यात मासळी विकणाऱ्या होत्या, घर सोडून पळालेल्या होत्या. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. उन्हात, पावसात बसल्या. पुढे घानातल्या अक्रा इथे तहाची बोलणी रेंगाळली तेव्हा या बायकांच्या पुढारी लेमा बोवी आणि त्यांच्या सोबतिणी सभागृहाच्या दाराशी ठाण मांडून बसल्या आणि तोडगा काढल्याशिवाय आतल्या पुरुषांना बाहेर पडू देईनात. ऑगस्टमध्ये करार झाला. २०११ मध्ये बोवी यांना नोबेल मिळालं. याच देशात २००७ मध्ये भारताने केंद्रीय राखीव पोलीस दलाची पूर्ण स्त्रियांची तुकडी शांतिसेनेत पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली ती तशी पहिलीच, आणि ती प्रथा २०१६ पर्यंत चालली. मोनरोव्हियाच्या रस्त्यावर गस्त घालायला आपण बायका पाठवल्या. कासा-सायवनच्या रस्त्यावर रात्री कोण होतं, हे विचारायला हरकत नाही.

महाराष्ट्रातली उदाहरणंही आहेत. गडचिरोलीत नक्षल चळवळ आणि पोलीस यांच्या कात्रीत सापडलेल्या गावांतल्या बायांनी दारूविरुद्ध लढा उभारला आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदुकीवर त्यांचं काही चालत नव्हतं; घरातली मारहाण जिथून सुरू होते तिथे त्यांनी हात घातला.  भिवंडी तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं घेतली आणि शांत दिवसांतही बैठका चालू ठेवल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईत त्या दंगलींनंतर सुशोभा बर्वे यांनी धारावीसारख्या वस्त्यांत जाऊन दोन्हीकडच्या लोकांना समोरासमोर बसवलं, आणि पुढे काश्मीरमध्येही संवादाचं काम केलं. मराठी वाचकांना हे नाव आणखी ठाऊक असायला हवं.

आता आपल्याकडची शांतता समिती. सण जवळ आले की ठाण्यात बैठक होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी पेल्यातला चहा, पहिल्या रांगेत पुढारी, व्यापारी, मंडळांचे अध्यक्ष. ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून एकदोघी कडेला. त्यांना शेवटी विचारलं जातं, ‘ताई, तुम्हाला काही बोलायचंय?’ तोवर चहा संपलेला असतो. सरपंच बाई असतील तर त्यांच्या जागी अनेकदा त्यांचे यजमान आलेले असतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात रूढीनुसार तंटे मिटवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. महाराष्ट्रात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे कागद आपल्या बाजूने आहे.

म्हणून या व्यासपीठावरून प्रशासनाला आणि गावांना काही गोष्टी सांगायच्या आहेत. त्या खर्चाच्या नाहीत, अवघडही नाहीत. शांतता समितीत आशा, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या बाया आणि धवलेरी यांना नावानिशी घ्यावं, प्रत्येक पाड्यावरून किमान एक. सरपंच बाईंच्या खुर्चीवर यजमान बसले असतील तर बैठक सुरू करू नये. भुताळीची कुजबुज किंवा मुलं पळवणाऱ्यांची अफवा ऐकली तर कळवायला प्रत्येक ठाण्यात एक महिला अंमलदार नेमावी आणि कळवणारीचं नाव कुठेही उघड होऊ नये. बैठकीला येणाऱ्या बाईचा रोज बुडतो, तो भरून द्यावा. शांततेचं काम तिने फुकट करावं ही अपेक्षा म्हणजे वेठीचाच नवा प्रकार. आणि लावणीच्या दिवसांत सकाळी अकराची बैठक ठेवू नये, कारण तेव्हा ती चिखलात उभी असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या बायांचं मत ती निघण्याआधी घ्यावं. परतायला त्यांना पावसाळा उजाडतो.

यांतल्या पहिल्या दोन मागण्यांवर आज दुपारच्या सत्रात चर्चा आहे. तलासरी आणि डहाणूच्या पाड्यांवरून आलेल्या बाया तिथे आधी बोलतील. शहरांतून आलेल्या आपण सगळ्यांनी, अध्यक्षांसकट, त्यांच्या मागे बसायचं आहे.