मोशेच्या हरकती



आपल्या लेखकांच्या मेळाव्यांत एक वाक्य वारंवार कानी येतं : ‘लिहावंसं फार वाटतं, पण माझी तेवढी पात्रता नाही.’ असं म्हणणारी माणसं प्रामाणिक असतात. कुणी रविवारच्या शाळेत शिकवतं, कुणी खेड्यातली प्रार्थनासभा सांभाळतं. आज मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.

निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय आठवा. मिद्यानात सासऱ्याची मेंढरं राखणारा मोशे होरेब डोंगरापाशी येतो. झुडूप पेटलेलं आहे, पण जळून जात नाही. तो अनवाणी उभा राहतो. लोकांना मिसरातून सोडवून आण, अशी आज्ञा होते आणि हा माणूस एकामागून एक हरकती काढू लागतो. फारोपुढे जाणारा मी कोण? लोकांनी तुझं नाव विचारलं तर? त्यांनी विश्वासच ठेवला नाही तर? शिवाय माझी जीभ जड आहे. यावर ‘अरे, तू छान बोलतोस’ असं देव एकदाही म्हणत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, काय बोलायचं ते शिकवीन, असं सांगतो. जड जीभ हलकी झाल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. पुढे त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन सोबतीला मिळतो, एवढंच.

पाचव्या वेळी मात्र मोशे म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तेव्हा देवाला राग येतो. आधीच्या चार शंका त्याने शांतपणे ऐकून घेतल्या होत्या. माझ्या मते त्या शंकांमागे भीती होती. या विनंतीत सरळ नकार होता. आपल्यातले कितीतरी जण हाच नकार आयुष्यभर नम्रता म्हणून जपतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यशयाचं प्रकरण निराळं. आपले ओठ अशुद्ध आहेत, असं तो कळवळून म्हणाला. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागला, पाप दूर झालं आणि मगच तो निघाला. कौशल्याची उणीव देव चालवून घेतो, पण पाप धुतल्याशिवाय राहत नाही. पाचारण झालं आहे असं सांगून मंडळीला जाब देण्याचं टाळणाऱ्यांनी यशयाचा तो सहावा अध्याय जरूर वाचावा.

आता आपल्या घरातलं उदाहरण. लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षरओळख झाली ती पती टिळकांमुळे. 1919 साली टिळक गेले आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. नावाजलेल्या कवीचं महाकाव्य, तेही खुद्द ख्रिस्तचरित्र! ते हाती घ्यायला विद्वानही बिचकले असते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पूर्ण केलं. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ तर आज मराठीतल्या सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. 1933 साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. त्याच परंपरेतल्या या खुर्चीत बसताना मला त्यांचीच आठवण येते.

पंडिता रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ पदवी दिली होती. पण पवित्र शास्त्राच्या भाषांतरासाठी त्यांनाही हिब्रू आणि ग्रीक मुळाक्षरांपासून गिरवावं लागलं. भाषा त्यांनी मुद्दाम साध्या बायाबापड्यांना कळेल अशी ठेवली. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये, जिथे दुष्काळातून वाचवून आणलेल्या कितीतरी मुली वाढल्या, तिथल्याच स्त्रियांनी त्या ग्रंथाचे खिळे जुळवले. रमाबाई 1922 साली गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं. शिशाचा एकेक खिळा उलट्या अक्षरावरून ओळखून ओळीत बसवणाऱ्या त्या स्त्रियांनाही पाचारणच झालं होतं, असं मी मानतो.

म्हणून इथल्या प्राध्यापकांना आणि संपादकांना माझं एक मागणं आहे. तुमच्यापैकी काहींच्या वाट्याला मोशेचं काम नसून अहरोनाचं काम आलं असेल. ते स्वीकारा. आपापल्या मंडळीतल्या बायबलबाईची साक्षीची वही, म्हाताऱ्या पाळकाची प्रवचनांची टिपणं मागून घ्या. शुद्धलेखन तुम्ही तपासा, मुद्रणप्रत तुम्ही तयार करा, पण वाक्यं त्यांचीच ठेवा. या संमेलनाच्या कार्यकारिणीने आजच्या समारोपाआधी असा ठराव करावा. मी त्याला आताच अनुमोदन देतो.